चार्ज कोणाकडे दिलात?

महाराष्ट्रातल्या कुठल्याही सरकारी कार्यालयाची ज्येष्ठता यादी उघडून पाहा. जन्मतारखेच्या रकान्यात १ जून ही तारीख अशी ओळीने उभी असते की वाटावं, त्या दिवशी राज्यातल्या समस्त आया ठरवून बाळंत झाल्या. खरा प्रकार एवढाच की या जन्मांना सुईण कोण होती ते ठाऊक नाही, पण हेडमास्तर मात्र हजर होते. शाळेत नाव घालायला आलेली आई सांगायची, “गुरुजी, कोयनेचा भूकंप झाला तवा हे रांगत हुतं.” भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. गुरुजी रांगण्याचे सहा महिने बोटांवर मागे मोजायचे, शाळा जूनमध्ये सुरू होते तर जन्मही जूनमध्येच बरा, असा विचार करायचे आणि १ जून १९६७ लिहून मोकळे व्हायचे. त्या शाईच्या जोरावर पोरगं पहिलीत बसलं आणि त्याच शाईने ३१ मे २०२५ रोजी त्याला कार्यालयातून उठवलं.

आता कोणी विचारील, जन्म १ जूनचा तर निवृत्ती ३१ मेला का? याचं उत्तर माझ्यासारखे १ जूनवाले झोपेतही देतात. राज्य शासनाचा कर्मचारी ज्या महिन्यात ५८ वर्षांचा होतो, त्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो. मात्र जन्म एक तारखेचा असेल तर आदल्या महिन्याच्या अखेरीलाच त्याला निरोप मिळतो. म्हणजे गुरुजींनी १ ऐवजी २ जून लिहिलं असतं, तर आम्ही ३० जूनला निवृत्त झालो असतो आणि एक पूर्ण पगार जास्त मिळाला असता. एवढ्यावर भागत नाही. वार्षिक वेतनवाढ १ जुलैची. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३ च्या निकालानंतर ३० जूनला निवृत्त होणाऱ्यांना पेन्शनच्या हिशेबापुरती काल्पनिक वेतनवाढ मिळू लागली. ३१ मेवाल्यांच्या वाट्याला कल्पनासुद्धा नाही. आमच्या लेखा शाखेतल्या एका गृहस्थाने या एका दिवसाचं नुकसान ऐंशी वर्षांपर्यंत व्याजासह काढून ठेवलं आहे. तो तक्ता कोणाला सादर करावा हा प्रश्न आहे, कारण गुरुजी केव्हाच वर गेले.

निवृत्तीच्या शेवटच्या वर्षात आणखी एक गोष्ट न चुकता घडते. “साठ होणार” अशी बातमी येते. केंद्राच्या कर्मचाऱ्यांचं निवृत्तीचं वय १९९८ सालीच साठ झालं. राज्यातही गट ड साठीलाच निवृत्त होतो. त्यामुळे साहेब आणि त्यांचा शिपाई एकाच वयाचे असले, तर साहेबाच्या निरोपसमारंभाच्या खुर्च्या मांडून, त्या उचलून, पुढची दोन वर्षं नव्या साहेबाला पाणी देण्याइतका शिपाई तरुण असतो. राजपत्रित अधिकारी महासंघ बऱ्याच वर्षांपासून साठीची मागणी करतो आहे. या मागणीला पंचविशीतला कारकून विरोध करतो, चाळिशीतला गप्प बसतो आणि पंचावन्नच्या पुढचा माणूस तिच्यासाठी प्राण द्यायला तयार असतो. मे महिन्यात तर कॅन्टीनमध्ये दर चहामागे एक बातमी फुटते. फाइल वर गेली आहे. वित्त विभागाने अनुकूल शेरा दिला आहे. फक्त सही बाकी आहे. अखेर ३१ मेच्या सकाळी शालींचा गठ्ठा घेऊन दुकानाचा पोऱ्या येतो आणि शासनाचा निर्णय काय झाला ते सगळ्यांना कळतं.

पेन्शनचे कागद मात्र त्याआधी दोनेक वर्षांपासून चालू लागतात. तेव्हा कुठे माणूस स्वतःचं सेवापुस्तक नीट वाचतो. पहिल्या पानावर ओळखीच्या खुणा लिहिलेल्या असतात. उजव्या गालावर तीळ, डाव्या गुडघ्यावर व्रण. पस्तीस वर्षांत तीळ सुरकुतीत गेलेला असतो आणि गुडघा तर अख्खाच कामातून गेलेला असतो, पण सरकारच्या दृष्टीने तीच खरी ओळख. मग ते पुस्तक वेतन पडताळणी पथकाकडे जातं. तिथे एखादा हुशार तरुण पान उलटता उलटता सांगतो की १९९६ ची वेतननिश्चिती चुकली होती, एक वेतनवाढ जादा दिली गेली, सबब वसुली. ज्या चुकीच्या तारखेला तो तरुण स्वतः दुधाच्या बाटलीवर होता, ती चूक तो इतक्या आत्मविश्वासाने सांगतो की ऐकणाऱ्याला आपण सरकारला लुबाडूनच संसार केला असं वाटू लागतं. अशा वेळी कर्मचाऱ्याच्या तोंडी एकच नाव येतं : रफिक मसीह. हे गृहस्थ कोण, कुठले, काय करत होते, कोणाला ठाऊक नसतं. पण त्यांच्या नावाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०१४ रोजी सांगितलं की खालच्या वर्गातल्या कर्मचाऱ्यांकडून, किंवा वर्षभरात निवृत्त होणाऱ्यांकडून, अशी वसुली करू नये. आजोबांच्या श्राद्धाची तिथी बायकोला विचारणारे लोक ही तारीख मात्र खडखडीत सांगतात.

याच कागदांत पतिपत्नीचा संयुक्त फोटो लागतो. फोटो म्हणून या प्रकाराला तोड नाही. लग्नात काढलेल्या फोटोंमध्ये एकाचं लक्ष भटजींकडे आणि दुसऱ्याचं रुखवताकडे असतं. त्यानंतरच्या सगळ्या फोटोंत मुलं मध्ये असतात. दोघांनी शेजारी बसून सरळ समोर पाहिलं आहे असा पहिला फोटो कोषागाराच्या कृपेने निघतो. आमच्या फोटोच्या वेळी हिने विचारलं, “अहो, हसायचं का?” फोटोग्राफरच म्हणाला, “पेन्शनचा आहे ना काकू? मग नको.” तो अनुभवी होता.

पुढचा प्रश्न, पेन्शन विकायची की नाही. विकायची म्हणजे तिचा चाळीस टक्क्यांपर्यंतचा भाग सरकारला देऊन रोख रक्कम उचलायची. तो भाग पंधरा वर्षांनी पुन्हा सुरू होतो. सरकारी भाषेत याला अंशराशीकरण म्हणतात. खरं तर ही सरकारशी लावलेली पैज आहे. अठ्ठावन्नला विकणारा माणूस त्र्याहत्तरीपर्यंत जगण्याचा लेखी इरादा जाहीर करतो. ज्या माणसाने आयुष्यात सकाळचं फिरणं केलं नाही, तो हा फॉर्म भरल्याच्या दुसऱ्या दिवसापासून बूट घालून बाहेर पडतो.

निरोपसमारंभाविषयी फार लिहिण्यात अर्थ नाही, कारण सगळे सारखेच असतात. ज्यांनी आठ वर्षं आपल्या प्रत्येक टिपणीला फाटे फोडले ते “त्यांची उणीव कायम भासेल” असं सांगतात. कोणीतरी ‘दुसरी इनिंग’ म्हणतंच. ज्याने शाळेनंतर बॅटला हात लावला नाही त्याच्या हाती ही इनिंग दिली जाते. एक वाक्य मात्र दर समारंभात येतं आणि तेव्हा पहिल्या रांगेकडे पाहावं. वक्ता म्हणतो, “साहेब, आता वहिनींना वेळ द्या.” टाळ्या पडतात. वहिनी मांडीवरच्या ओटीच्या तांदळाकडे बघतात. या एका प्रस्तावावर ज्यांचा अभिप्राय घ्यायला हवा होता त्यांचाच घेतलेला नसतो.

मग चार्ज. चार्ज देणं हा सरकारी नोकरीतला सर्वांत गंभीर विधी आहे. कपाटांच्या किल्ल्या, गोल शिक्का, आवक-जावक नोंदवह्या, डेड स्टॉक रजिस्टरातली एक हात तुटलेली खुर्ची, सगळं यादीनिशी दुसऱ्याच्या ताब्यात द्यायचं. दोघांनी सह्या करायच्या, “कार्यभार सोडला, म. नं.” असं लिहायचं. यादी इतकी काटेकोर असते की नादुरुस्त पंच मशीनसुद्धा सुटत नाही. पण काही चिजा यादीत येतच नाहीत. डाव्या बाजूला शेरा मारायची सवय, खुलासा मागणारा आवाज, बेल वाजवायला आपोआप पुढे जाणारा हात, “हे माझ्याकडे का आलं?” हा प्रश्न. या कोणी ताब्यात घेत नाही. माणूस त्या तशाच घरी घेऊन जातो.

वाटेत आपण नेमके किती म्हातारे झालो, हे जाणून घ्यावं म्हटलं तर त्याविषयी सरकारी यंत्रणांचं एकमत नाही. महाराष्ट्र शासनाच्या मते माणूस अठ्ठावन्नला संपला. बँकेच्या मते तो साठीपर्यंत तरुण आहे, तेव्हा मुदतठेवीवरचं अर्धा टक्का जादा व्याज विसरा. पोस्ट मात्र दयाळू आहे. निवृत्त झालात आणि पंचावन्न उलटली असेल तर ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत तीस लाखांपर्यंत ठेवा म्हणतं. आयकर खातं साठीला ज्येष्ठ मानतं आणि ऐंशीला अतिज्येष्ठ. एसटी पासष्टीला अर्धं म्हातारपण मान्य करते, पंचाहत्तरीला पूर्ण. रेल्वेने मार्च २०२० मध्ये ज्येष्ठांची सवलतच बंद केली. तिच्या मते या देशात म्हातारं कोणी होतच नाही. सगळ्यात मौज एसटीत. मार्च २०२३ पासून समस्त महिलांना अर्धं तिकीट आहे. त्यामुळे राज्याने वयोवृद्ध ठरवून घरी पाठवलेला गृहस्थ पूर्ण तिकीट काढतो आणि शेजारी बसलेली त्याची पत्नी अर्धं. कंडक्टर विचारतो, “एक फुल, एक हाफ?” आणि ती मान डोलावते. संसाराचा हिशेब त्याने अचूक केलेला असतो, फक्त उलटा.

 म्हातारपणाच्या या आकड्यांमागचा इतिहासही असाच गमतीचा आहे. म्हातारपणीची सरकारी विमा योजना पहिल्यांदा आणली ती जर्मनीच्या बिस्मार्कने, १८८९ साली, आणि वय ठेवलं सत्तर. ते पासष्ट झालं १९१६ साली. सत्तरी गाठणारे तेव्हा थोडेच असत, म्हणून तिजोरीला फारशी भीती नव्हती. आपल्याकडे १७ डिसेंबर १९८२ रोजी नकारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की पेन्शन ही मालकाची मेहेरबानी नाही. तो दिवस पेन्शनर दिन म्हणून साजरा होतो. खटल्याचं नाव नकारा आणि निकाल होकाराचा.

तर असा हा माणूस १ जूनला सकाळी घरी जागा होतो. बदली झालेल्या अधिकाऱ्याला पदस्थापना मिळेपर्यंत ताटकळत बसावं लागतं, तशी त्याची अवस्था असते. रुजू तर झाला, पण घरात एकही पद रिक्त नाही. गॅस, दूध, पाणी, नातेवाईक, सगळ्या शाखांवर एकच अधिकारी तीस-पस्तीस वर्षांपासून बसलेला, आणि चार्ज सोडण्याचं नाव नाही. मग यादीत न दिलेल्या त्या चिजा बाहेर निघतात.

माझे एक स्नेही लेखापरीक्षणातून निवृत्त झाले. पहिल्याच महिन्यात त्यांनी किराण्याची यादी तपासायला घेतली आणि आक्षेप काढला : जिरे गेल्या महिन्यात शंभर ग्रॅम, या महिन्यात दोनशे, वाढीचं कारण काय? वहिनींनी एका शब्दात अनुपालन सादर केलं. “तुम्ही.” दुपारच्या जेवणाला माणूस घरी असला की मठ्ठ्याला जिरं लागतं, हे त्यांच्या विभागाच्या निदर्शनास आलं नव्हतं.

दुसऱ्यांनी धुणीभांडी करणाऱ्या मावशींसाठी हजेरीपट सुरू केला. मावशींनी एक दिवस निमूट सही केली. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, “काका, सही करते. पण मग जानेवारीपासूनचा महागाई भत्ता द्या, फरकासकट.” त्यांची बहीण जिल्हा परिषदेत शिपाई आहे. हजेरीपट त्याच दिवशी बंद झाला.

तिसऱ्यांना सोसायटीचं सचिवपद मिळालं, म्हणजे त्यांच्या घरच्यांनी मिळवून दिलं. आता जिन्यात सूचना लागते. विषय : जिन्यात चपला ठेवण्याबाबत. संदर्भ : १. या कार्यालयाची समक्रमांकाची सूचना, २. तळमजल्यावर झालेली समक्ष चर्चा. पूर्वी चपला जिन्यात असत, आता चपला आणि त्यांच्यावर सूचना दोन्ही असतात. पण घरी शांतता आहे, आणि वहिनी लिफ्टमध्ये भेटल्या की सगळ्या बिऱ्हाडांचे आभार मानतात.

‘साहेब’ ही हाक कधी थांबली ते बहुतेकांच्या लक्षात राहतं. उपदानाची रक्कम खात्यात जमा झाली की आणखी काही महिने बँकेचा पोरगा ‘सर, सर’ करत विम्याची कागदपत्रं घेऊन येतो. पैसे एकदा कुठेतरी गुंतले की तोही ‘अंकल’वर येतो. मग उरतो बागेतला कट्टा. तिथे मंडळी महागाई भत्त्याच्या जानेवारी-जुलैच्या टक्केवारीवर बोलतात, आठव्या वेतन आयोगावर बोलतात. शेजारी हास्यक्लब चालतो. हा प्रकार मुंबईत मदन कटारिया या डॉक्टरांनी १९९५ च्या मार्चमध्ये पाच जणांना घेऊन सुरू केला आणि पुढे जगभर पसरला. विनोद न होता हसणं आमच्या मंडळींना अवघड गेलं नाही, वरिष्ठांसमोर पस्तीस वर्षं तोच सराव झाला होता. केंद्राच्या पेन्शनरांना तर ऐंशीनंतर वीस टक्के, पंच्याऐंशीला तीस, असं चढत चढत शंभरीला मूळ पेन्शनच्या शंभर टक्के जादा मिळतात. गोपनीय अहवाल नको, विभागीय परीक्षा नको, केवळ श्वास चालू ठेवल्याबद्दल वेतनवाढ. आणि दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला. २०१४ पासून तो घरबसल्या डिजिटल देता येतो, तरी कित्येक जण बँकेतच जातात. जन्मभर ज्यांनी लेटमार्क खाल्ले ते त्या दिवशी शटर उघडण्याआधी पायरीवर हजर असतात, कारण वर्षातून एकदा का होईना, सही करायला यादी मिळते.

या सगळ्यांत मला खरी निवृत्त झालेली वाटली ती एकच व्यक्ती. आमच्या आस्थापना शाखेतल्या बाई. त्यांचीही तारीख १ जूनच, निरोपही आमच्याच बरोबर. समारंभात प्रत्येक पुरुषाला “आता पुढे काय?” असं विचारलं गेलं. कोणी शेती म्हणालं, कोणी नर्मदा परिक्रमा. बाईंना कोणी विचारलं नाही. बाईने निवृत्तीनंतर काय करायचं हे सगळ्यांना आधीच माहीत असतं. आणि खरंच, दुसऱ्या दिवशी मुलगा-सून नातवाला घेऊन आले. “आई, आता तुम्ही मोकळ्याच आहात.”

बाईंनी पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या रजांचे हिशेब ठेवले होते. त्या म्हणाल्या, “सांभाळते. पण सेवाशर्ती ठरवून घेऊ.” राज्य कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, तेव्हा शनिवार-रविवार नातू आईबापांकडे. वर्षाला किरकोळ रजा आठ. अर्जित रजा तीस, जानेवारीला पंधरा आणि जुलैला पंधरा जमा होतील. साठवून ठेवता येतील, पण रोखीकरण होणार नाही, रजा भोगावीच लागेल. मुलगा हसला. सूनबाई हसल्या नाहीत. त्या स्वतः नोकरी करतात, त्यांना कागदाचं गांभीर्य कळलं.

तेव्हा मला कळलं की आम्ही पुरुषमंडळींनी कार्यालयातून घरी काय काय नेलं. शेरे नेले, खुलासे नेले, हजेरीपट नेला, आवाज नेला. ज्या एका गोष्टीसाठी नोकरीत वर्षभर जगलो, ती रजा मात्र तिथेच विसरलो. म्हणून तर बारा महिने सुट्टी असूनही आमच्यातल्या कोणाला कधी सुट्टी मिळत नाही. बाईंनी बाकी सगळं यादीनिशी सोडलं आणि रजेचा नियम तेवढा पर्समध्ये घालून आणला.

मागच्या महिन्यात त्यांना मैत्रिणींबरोबर कोकणात जायचं होतं. त्यांनी रीतसर अर्ज दिला. सूनबाईंनीही रीतसर शेरा मारला : ‘पर्यायी व्यवस्था झाल्यास विचार करता येईल.’ मी विचारलं, “मग, झाली का मंजूर?”

“मंजुरीची वाट बघून रजेवर गेलेलं कोणी पाहिलंत का तुम्ही आपल्या कार्यालयात?” बाई म्हणाल्या. “अर्ज टेबलावर ठेवला आणि गेले.”